अपघाताचे दावे, डॉक्टरांची साक्ष आणि अपील

(मंडळाच्या बिबवेवाडी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी हा विषय आमच्यावर सोपविला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत. सारी हयात शाळेत मुलांना अपूर्णांक आणि शेकडेवारी शिकविण्यात गेली. वकिलीची सनद आमच्यापाशी नाही आणि वैद्यकाचे ज्ञान हळद-सुंठीपलीकडे नाही. तथापि चिटणीस म्हणाले, "गुरुजी, वकील बोलतील ते कायद्याचे बोलतील, तुम्ही एका दाव्यात दहा वर्षे हेलपाटे घातले आहेत, तेवढे सांगा." हे ऐकल्यावर आम्हांला नाही म्हणता येईना. त्या दाव्यातील एक चूक आमची स्वतःची होती, हे त्यांस ठाऊक नव्हते. आज ती सांगणार आहोत.

आपण सुतार. आपली थोरली पिढी भोर-पुरंदरकडून हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन पुण्यात आली, भवानी पेठेतील लाकूडबाजाराच्या आसऱ्याने राहिली आणि पुढे या टेकडीच्या पायथ्याशी तिने घरे केली. आज मार्केट यार्डाकडे जाणारे मालट्रक, कोंढव्याकडून उतरणारी वाहने आणि सातारा रस्त्याची अखंड रहदारी यांच्या मधून आपली मुले पाठीवर हत्यारांची पिशवी अडकवून दुचाकीवरून कामाला जातात. आपल्याच वस्तीत कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. परंतु आपल्यातील बहुतेकांचा धंदा स्वतःचा असल्यामुळे त्या योजनेत आपले नाव नाही. सबब हात मोडला की घरातील चूल मोटार-अपघात दाव्याच्या निकालाकडे डोळे लावून बसते.

आमचा एक जुना विद्यार्थी, वय ३८, फर्निचरचे काम करणारा. नाव सांगत नाही. तो आज या सभेत बसलेला आहे. २०१३ साली एका मोटारीने त्याच्या दुचाकीस धडक दिली. जीव वाचला, पण उजव्या हाताचा पंजा चिरडला. तीन शस्त्रक्रिया झाल्या. बोटे जागेवर राहिली, परंतु अंगठा तर्जनीला टेकेनासा झाला. सरकारी वैद्यकीय मंडळाने तपासून ४२ टक्के कायम अपंगत्वाचा दाखला दिला. वकील म्हणाले, दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीस बोलवावे लागेल, त्यासाठी समन्स काढू. आम्ही मध्ये पडलो. आम्ही म्हणालो, "सरकारी शिक्का आहे, तीन डॉक्टरांच्या सह्या आहेत, आणखी काय हवे? थोर माणसांना कशाला कोर्टात तिष्ठत ठेवता? आणि तारखाही वाढतील." वकील तरुण होते, आम्ही वयाने मोठे. त्यांनी मान तुकविली. शाळेच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही असली की कोणी मुख्याध्यापकांस बोलावीत नाही, एवढ्याच अनुभवावर आम्ही हे शहाणपण शिकविले.

२०१६ साली निवाडा झाला. न्यायाधिकरणाने लिहिले की, दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष नाही, विमा कंपनीस त्यांची उलटतपासणी घेता आली नाही. दाखल्यातील टक्केवारी केवळ हाताची आहे, सर्व शरीराची नाही. अर्जदार स्वतः चालत न्यायालयात आला व त्याने जबानीवर सही केली. म्हणून मिळकतीचे नुकसान १५ टक्के धरण्यात येते. हे १५ कोठून आले, याचे उत्तर त्या निवाड्याच्या अठरा पृष्ठांत आम्हांस सापडले नाही. मुलाने गणित न मांडता नुसते उत्तर लिहिले, तर आम्ही त्यास शून्य गुण देत असू.

या टक्क्यांनी घरात काय फरक पडतो, ते फळ्यावर मांडून दाखवितो. आज लागू असलेल्या रीतीप्रमाणे ३८ वर्षांच्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाची मिळकत महिना १५,००० रुपये सिद्ध झाली असे समजा. वर्षाचे १,८०,०००. भावी वाढीबद्दल त्यात ४० टक्के मिळवावयाचे, ही रीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ साली ठरविली, झाले २,५२,०००. या वयास गुणक १५, तो २००९ सालच्या निकालातील कोष्टकाप्रमाणे. गुणाकार ३७,८०,०००. आता याचे १५ टक्के काढा: ५,६७,०००. आणि ६० टक्के काढा: २२,६८,०००. वय तेच, मिळकत तीच, गुणक तोच. सतरा लाखांचा फरक त्या एका आकड्याने पडला, आणि तो आकडा वैद्यकीय पुराव्यावरून ठरावयाचा असतो.

आता न्यायालये या पुराव्याकडे कशी पाहतात, ते सांगणे प्राप्त आहे. १८ ऑक्टोबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या अपिलात निकाल दिला. अपघाताच्या दाव्यांत वकील जो निकाल हटकून पुढे करतात, तो हाच. त्यात अर्जदार चीज विकणारा होता. डावा पाय मोडलेला, दाखला ४५ टक्क्यांचा. न्यायालयाने तीन गोष्टी वेगळ्या केल्या. अवयवाचे अपंगत्व ही एक. त्यामुळे सर्व शरीरास आलेले अपंगत्व ही दुसरी. आणि त्या माणसाच्या त्या धंद्यातील मिळकतीचे नुकसान ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांनी सांगावयाच्या. तिसरी डॉक्टरांनी सांगावयाची नाही, ती न्यायाधिकरणाने पुराव्यावरून ठरवावयाची. त्या माणसाच्या बाबतीत न्यायालयाने शरीराचे अपंगत्व २५ टक्के व मिळकतीचे नुकसान २० टक्के धरले, म्हणजे दाखल्यापेक्षा कमीच. तेव्हा हा निकाल नेहमी आपल्याच बाजूने बोलतो, असे कोणी समजू नये.

परंतु त्याच निकालात एक उदाहरण आहे, ते आपल्या समाजाने घरोघरी लावून ठेवावे असे आहे. न्यायालय म्हणते की, डावा हात तुटला तर अपंगत्व सुमारे ६० टक्के धरले जाईल. पण तो माणूस मोटारचालक किंवा सुतार असेल, तर मिळकतीचे नुकसान जवळजवळ शंभर टक्के होऊ शकते. आणि तोच सरकारी कारकून असेल, तर त्याची नोकरी चालूही राहील. दिल्लीच्या न्यायमूर्तींना उदाहरणासाठी सुतार आठवला, याचे आम्हांस नवल वाटले नाही. यापूर्वी १९७५ साली याच न्यायालयापुढे खराखुरा सुतार आलेला होता. ओरिसातील एका चित्रपटगृहात शोभेचे काम करताना तो १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. तो दावा मोटारीचा नव्हता, कामगार-भरपाईच्या कायद्याखालचा होता. मालकाचे म्हणणे, एक हात शाबूत आहे. न्यायालयाने सांगितले की, सुतारकाम एका हाताने होत नाही. आपल्यातील दहा वर्षांच्या पोरासही हे ठाऊक आहे. पण न्यायालयाच्या तोंडून यावयास सात वर्षे आणि एक अपील लागले. अगदी अलीकडे, २०२० साली, दिल्लीतील एका तरुण टंकलेखकाचा उजवा हात गेला असता उच्च न्यायालयाने त्याचे नुकसान ४५ टक्के धरले होते. ते सर्वोच्च न्यायालयाने ६५ टक्के केले आणि भावी वाढही दिली.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर मुंबईच्या एका वकिलांचे अपील प्रसिद्ध आहे. मोटार-अपघातात ते कमरेपासून खाली लुळे झाले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शारीरिक वेदनांबद्दल दीड लाख व जीवनातील सुख हरपल्याबद्दल दीड लाख रुपये दिले, आणि पैशात मोजता येणारे नुकसान व न येणारे नुकसान ही विभागणी नीट समजावून सांगितली. तेथे अपंगत्वाबद्दल कोणास शंकाच नव्हती. आपल्या माणसाची अडचण अशी की तो चालतो, बोलतो, सही करतो. फक्त रंधा धरू शकत नाही. एकलव्यही अंगठा गेल्यावर चालत-बोलतच होता. (त्या कथेत गुन्हा शिक्षकाचा आहे, हे आम्ही विसरलेलो नाही.)

न्यायालये डॉक्टरांच्या दाखल्याकडे संशयाने का पाहतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्यांनी रुग्णावर उपचार केलेला नाही, ते डॉक्टर मागाल तितक्या टक्क्यांचा दाखला देतात, असे प्रकार घडलेले आहेत; आणि असे तयार दाखले सावधपणे घ्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच २०१० च्या निकालात बजावले आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्यापैकीच एका गृहस्थांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, जरा जास्त टक्के लिहून देणारे कोणी डॉक्टर आहेत का?" आम्ही त्यांस चहा पाजला आणि परत पाठविले. अशा एका दाखल्यामुळे मागून येणाऱ्या दहा खऱ्या दाखल्यांवर संशय बसतो.

डॉक्टरांची बाजूही आहे. शस्त्रक्रियांचा दिवस सोडून ते कोर्टाच्या बाकावर बसतात आणि संध्याकाळी तारीख पडते. म्हणून न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, डॉक्टरांना वेळ नेमून द्यावी, आल्याबरोबर त्यांची साक्ष घ्यावी, किंवा आयुक्त नेमून त्यांच्या जागी जाऊन घ्यावी. पुराव्यात उणीव दिसली तर न्यायाधिकरणाने मुके राहून पाहत बसू नये. स्वतः डॉक्टरांस बोलवावे अथवा जखमी माणसास वैद्यकीय मंडळाकडे पाठवावे, असेही त्यात आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या अपिलाचा सारा आधार हा होता.

निवाडा हाती आला त्या रात्री त्याच्या घरी बैठक झाली. थोरले चुलते म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि एकदा उतरल्यावर तर मुळीच चढू नये. त्याची पत्नी म्हणाली, "गुरुजी, आता पुरे. जे मिळाले त्यात कर्ज तरी फिटेल." तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. आम्ही निवाडा घरी नेला आणि चार रात्री वाचला. पाचव्या दिवशी जाऊन सांगितले की, डॉक्टरांना बोलावू नका असे आम्ही म्हणालो, तेथे घात झाला. विद्यार्थी खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं." त्याने आमची लाज राखली.

अपिलाचे नियम थोडक्यात असे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १७३ व्या कलमाप्रमाणे न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येते. उशिरास सबळ कारण असेल तर उच्च न्यायालय तो माफ करू शकते, पण ती न्यायालयाची मर्जी. आपला हक्क नव्हे. निवाड्याची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. ज्याने पैसे द्यावयाचे त्याने अपील केल्यास २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांपैकी कमी असेल ती आधी भरावी लागते. जखमीस ही अट नाही. वादाची रक्कम एक लाखाहून कमी असेल तर मात्र अपीलच चालत नाही. पूर्वी ही मर्यादा दहा हजारांची होती. विमा कंपनीने अपील केले आणि आपण केले नसेल, तर नोटीस मिळाल्यापासून एका महिन्यात उलट हरकती दाखल करून आपण वाढ मागू शकतो. ही नोटीस पुष्कळ घरांत देवघराच्या फळीवर न उघडता पडून राहते. मूळ दाव्यासही १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्या वैधतेस आव्हान दिलेले असले, तरी आपण मुदत पाळावी हे बरे.

आम्ही ८१ व्या दिवशी अपील दाखल केले. नुकतेच, ऑगस्ट २०२५ मध्ये, कोल्हापुरास उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले; सातारा, सांगली, सोलापूरच्या लोकांची सोय झाली. पुण्याच्या माणसास मात्र अजून मुंबईच गाठावी लागते. आम्ही दोघे पहाटे निघत असू. खंडाळ्याच्या घाटात गाडी हळू झाली की तो डाव्या हाताने डबा उघडी.

मुंबईच्या वकिलांनी आम्हांस पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली. अपील म्हणजे दुसऱ्यांदा पहिला दावा नव्हे. खालच्या दप्तरात जे कागद व ज्या साक्षी असतील, त्यांवरच वरचे न्यायालय बोलते. नवा पुरावा घेण्याची सोय दिवाणी कायद्यात आहे, पण ती सहज मिळत नाही, आणि "तेव्हा सुचले नाही" हे कारण पुरत नाही. म्हणून त्यांनी अपिलात दाखला खराच आहे असा हट्ट धरला नाही. त्यांनी इतकेच म्हटले की, दाखला पुरेसा वाटला नाही तर डॉक्टरांस बोलवावयाचे होते. मनाने १५ टक्के धरावयाचे नव्हते. आणि सुताराच्या उजव्या अंगठ्याचा विचार करताना तो सुतार आहे, याचा निवाड्यात एका वाक्यानेही विचार नाही. विमा कंपनीच्या वकिलांनी उत्तर दिले की, साक्ष न आणणे ही अर्जदाराची चूक आहे, तिचे बक्षीस त्यास का मिळावे? आम्ही मागच्या बाकावर होतो. त्या वाक्यातील अर्जदार म्हणजे वास्तविक आम्ही.

२०२१ साली उच्च न्यायालयाने मिळकतीच्या नुकसानीपुरता निवाडा रद्द केला, आणि डॉक्टरांची साक्ष घेऊन तेवढा एकच मुद्दा पुन्हा ठरवावा म्हणून प्रकरण खाली पाठविले. दाखल्यावर सह्या करणाऱ्या तिघांपैकी एक निवृत्त झालेले, एकांची बदली कोठे झाली ते कळेना. तिसरे अस्थिरोगतज्ज्ञ मात्र सापडले. नेमून दिलेल्या वेळी ते आले.

ती साक्ष वीस मिनिटे चालली असेल. डॉक्टरांनी एक्स-रे व केसपेपर पाहिले आणि अंगठ्याची पकड कायमची गेल्याचे सांगितले. नंतर ते स्वतःच म्हणाले, "रंधा कसा धरतात, मला दाखवता का?" न्यायाधीशांनी परवानगी दिली. रंधा तेथे कोठून असणार? शिरस्तेदारांच्या टेबलावरील लाकडी पट्टी त्याच्या हाती दिली. उजव्या हाताने तिला मागून दाबावयाचे आणि पुढे ढकलावयाचे, असे तो करू लागला. पट्टी दोनदा निसटून खाली पडली. तिसऱ्यांदा न्यायाधीशच म्हणाले, राहू द्या.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी विचारले, हा माणूस मापे घेऊ शकतो का? डॉक्टर म्हणाले, होय. कामगारांवर देखरेख करू शकतो का? होय. हेही खरे होते आणि डॉक्टरांनी ते लपविले नाही. आमच्या बाजूने एका गिऱ्हाइकाने व एका प्लायवूडच्या दुकानदाराने साक्ष दिली की, तो पूर्वी स्वतः हाताने काम करी, त्याच्यापाशी कामगार नव्हते. न्यायाधिकरणाने सर्व पाहून मिळकतीचे नुकसान ६० टक्के धरले, आणि ते का धरले हे तीन पृष्ठांत लिहिले. शंभर टक्क्यांची आमची मागणी मान्य झाली नाही. तो निवाडा आम्ही वाचला, आणि आमच्या मते तो योग्य आहे.

हे २०२३ साल होते. व्याजासह पैसे आले, कर्ज फिटले. परंतु त्याच्या थोरल्या मुलाने २०१७ साली तंत्रनिकेतनाचा अभ्यासक्रम दुसऱ्या वर्षी सोडला होता. घरी पैसे नव्हते. तो आज घरोघर सामान पोहोचविण्याचे काम करतो आणि त्याच सातारा रस्त्यावरून दुचाकी चालवितो. पहिल्याच वेळी डॉक्टर आले असते तर, हा हिशेब आम्ही पुष्कळदा मांडून पाहिला आहे. त्याचे उत्तर कोणत्याही न्यायालयाने अद्याप दिलेले नाही.

आता कागदांविषयी दोन शब्द बोलून पुरे करतो. रुग्णालयातून निघताना घरी सोडल्याचे पत्र मिळते, तेवढ्यावर समाधान मानू नये. केसपेपर, शस्त्रक्रियेची टिपणे आणि पुढील तपासण्यांचे कागद यांच्या नकला मागून घ्याव्यात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव, ते कोठे असतात हे लिहून ठेवावे, कारण सरकारी डॉक्टरांच्या बदल्या होतात. धंद्याचा पुरावा ही आपली नेहमीची दुबळी बाजू. कामाची वही, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या, बँकेचे पासबुक, केलेल्या कामाची छायाचित्रे, जे असेल ते जपावे. अपघातापूर्वी हत्यार हाती घेतलेले एखादे छायाचित्र असेल तर तेही आणावे.

मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही बसतो, आणि आमच्याबरोबर तो विद्यार्थीही बसतो. नकलांची तारीख आणि अपिलाचा नव्वदावा दिवस तो डाव्या हाताने वहीत लिहून देतो. अक्षर आता बरेच सुधारले आहे. ज्यांचे दावे चालू आहेत त्यांनी कागद घेऊन यावे. एक्स-रेच्या फिल्मा मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून आणू नयेत. पावसाळ्यात त्या चिकटतात.